भाषेच्या मुलांसाठी रोजगाराचा प्रकल्प मिळालाय, पैसे कुठे घालावेत?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर तिथेच अडवा. विद्यापीठ जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. भाषा संकुलात मराठी, हिंदी, इंग्रजीचं एमए आणि जोडीला जर्मनचे प्रमाणपत्र वर्ग. मुलं साधारण सव्वाशे. दोन वर्षांचा 'रोजगारक्षमता' प्रकल्प मंजूर झाला आणि समन्वयक म्हणून तुमचं नाव पडलं. तुम्ही विचारताय की व्यक्तिमत्त्व विकासाची एजन्सी नेमावी, इंग्रजी संभाषणाचे वर्ग लावावेत, की भाषांतराची पदविका काढावी. शिवाय शेवटच्या ओळीत हळूच विचारलंय, "एआय आल्यावर भाषांतर शिकवण्यात काही अर्थ उरलाय का?"

मी 11 वर्षं महाविद्यालयात जर्मन शिकवलं, नंतर 9 वर्षं पुण्यात लोकलायझेशनच्या, म्हणजे कंपन्यांचा मजकूर स्थानिक भाषेत आणण्याच्या कामात मराठीच्या गटाची प्रमुख होते. त्या काळात भरती करणाऱ्यांच्या बाजूच्या खुर्चीवर बसले. अलीकडे तुमच्यासारख्या तीन प्रकल्पांना बाहेरून मदत केली आहे. त्यातला पहिला साफ फसला. पुढचं सगळं त्या फसण्यातून आलंय, हे आधीच सांगून टाकते.

तीन पर्यायांतून एक निवडायचा, असा तुमचा प्रश्न आहे. मला मूळ अडचण त्याच्या अलीकडे दिसते. एक प्रसंग सांगते. भरतीच्या वेळी माझ्याकडे एका मुलीचा बायोडेटा आला. एमए मराठी, प्रथम श्रेणी, छंद वाचन आणि संगीत, 'मी मेहनती व प्रामाणिक आहे'. असे बायोडेटे आठवड्याला पंधरा-वीस यायचे, हाही बाजूला पडला असता. फोनवर सहज विचारलं, प्रबंधिका कशावर केली? म्हणाली, वऱ्हाडीतल्या शेतीच्या शब्दांवर. त्यासाठी दोन तालुक्यांत फिरून बायकांशी बोलली, मोबाइलवर ध्वनिमुद्रण केलं, रात्री बसून सगळं शब्दशः उतरवून काढलं, शब्दांची वर्णानुक्रमे यादी केली, अर्थ दोघातिघांकडून तपासून घेतले. हे काम तर आम्ही पैसे देऊन करून घेत होतो! आवाज मजकुरात उतरवणं, परिभाषेची यादी करणं, शंका असेल तिथे पडताळणं. तिला ते काम वाटतच नव्हतं. ती म्हणाली, "ते तर परीक्षेसाठी होतं."

तेव्हापासून माझं मत असं झालंय की आपल्या मुलांना येतं बरंच, पण ते उत्तरपत्रिकेच्या बाहेर कधी पडतच नाही. दोन वर्षं ती जे लिहितात ते एकच माणूस वाचतो, गुण देतो आणि गठ्ठा कपाटात जातो. बाहेरच्या माणसासाठी, ठरल्या तारखेला, त्याला चालेल असं काही पूर्ण करून द्यायची वेळ त्यांच्यावर आलेली नसते. तुमच्या प्रकल्पाने एवढी एक गोष्ट घडवून आणली तरी पैसे सार्थकी लागले असं मी म्हणेन. नोकऱ्या मिळवून देणं प्रकल्पाच्या हातात नसतं. दाखवता येईल असं काम मुलांच्या हाती देणं मात्र असतं.

आता काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगते, कारण इथे सरसकट बोलणारा माणूस फसवतो.

पहिलं, भाषा कोणती. जर्मनचा बाजार मराठीच्या बाजारासारखा चालत नाही. पुण्यातल्या सेवा केंद्रांत जर्मन, फ्रेंच, जपानी येणाऱ्यांना हिशेब, खरेदी, ग्राहकसेवा अशा कामांवर घेतात. तिथे पातळी बघतात आणि तीही बाहेरच्या मान्यताप्राप्त परीक्षेची. विद्यापीठाचं प्रमाणपत्र मुलाखतीत बाजूला ठेवलं जातं आणि "गोएथेचं बी-2 आहे का?" असं विचारतात, म्हणजे गोएथे या जर्मन संस्थेच्या परीक्षेची चौथी पातळी (ए-1, ए-2, बी-1, बी-2 असा क्रम). जपानीत त्यांच्या परीक्षेच्या पातळ्यांवरून तोच प्रश्न "एन-2 की एन-3?" असा येतो. तुमची जर्मनची मुलं प्रमाणपत्र वर्गातून ए-2 पर्यंत पोचत असतील, तर मुलाखतीची कितीही तयारी करून घ्या, दार उघडणार नाही. अशा मुलांसाठी प्रकल्पाचा सगळ्यात चांगला उपयोग म्हणजे पुढच्या दोन पातळ्यांचे जादा वर्ग आणि परीक्षेच्या शुल्कातला निम्मा वाटा. ऐकायला अगदीच साधं वाटतं, अहवालात फोटोही निघत नाही, पण ते करा.

जर्मनबद्दल आणखी एक. 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाचा जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार झाला तेव्हा अनेक भाषा विभागांत पेढे वाटायची वेळ आल्यासारखं वातावरण होतं. तिथे मागणी आहे ती परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशांची, ज्यांना जर्मनही येतं. भाषेच्या पदवीधराला त्यात जागा आहे, पण ती शिकवणाऱ्याची. रात्रपाळी करून आलेल्या नर्सला ए-1 पासून कसं शिकवायचं, हे आपल्या एमएच्या अभ्यासक्रमात कुठेच नसतं. तुमच्या जिल्ह्यात नर्सिंग महाविद्यालय असेल तर आधी तिथे जाऊन या.

हिंदीची गोष्ट पात्रतेच्या अटींशी बांधलेली आहे. बँकांतल्या राजभाषा अधिकाऱ्याच्या पदाला साधारणपणे हिंदीत एमए लागतं आणि पदवीला इंग्रजी हा विषय असावा लागतो. केंद्राच्या कनिष्ठ अनुवादक पदांनाही साधारण तेच, शिवाय भाषांतराची पदविका किंवा प्रमाणपत्र, नाहीतर दोन वर्षांचा अनुभव. मी एमए दुसऱ्या वर्षाच्या वर्गात हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा शांतपणे म्हणाला, "मॅडम, मी एसवायला इंग्रजी सोडलं." कुणी सांगितलंच नव्हतं. ही माहिती प्रथम वर्षाच्या प्रवेशाच्या खिडकीवर चिकटवायला एक रुपया खर्च येतो. भाषांतराच्या पदविकेचं तुम्ही विचारलंत, त्याचं उत्तरही यातच आलं. हिंदीच्या मुलांसाठी ती काढा, तिथे त्या कागदाला किंमत आहे. मराठीच्या मुलांना खासगी कामात असा कागद मी तरी एकदाही विचारला नाही, नमुन्याची चाचणी दिली.

दुसरं, मुलं कुठे जाऊ शकतात. घरची शेती, आईचं आजारपण, लग्नाची बोलणी, पुण्याला खोलीचं भाडं. तुमच्या सव्वाशे मुलांत निम्म्याहून जास्त मुली असतील, आणि त्यातल्या बऱ्याच जणींना घरून जिल्हा सोडायची परवानगी नसेल. हे लाजून लपवण्यासारखं नाही, नियोजनात धरण्यासारखं आहे. घरून करता येणारी कामं वेगळी, बाहेर जाऊन करायची वेगळी. म्हणून सुरुवातीलाच प्रत्येकाशी दहा मिनिटं बोला आणि त्यांना खरोखर काय हवंय ते लिहून घ्या. अनेक जण नेट-सेटचं, म्हणजे प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांचं नाव घेतील. त्यांना नाउमेद करू नका, पण सेट झालेली किती माणसं आज तासिका तत्त्वावर शिकवतायत हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. अभ्यास चालू ठेवा, जोडीला हातात एक काम असू द्या, एवढंच म्हणा.

आता त्या फसलेल्या प्रकल्पाकडे येते. तिथे आम्ही नेमका तुमचा पहिला पर्याय घेतला होता. शहरातून एजन्सी आली. 40 तास. टाय कसा बांधावा, हस्तांदोलन कसं करावं, गटचर्चेत आधी कुणी बोलावं, रोज सकाळी आरशासमोर काय म्हणावं. हजेरी उत्तम, अभिप्रायाच्या फॉर्मवर सगळीकडे 'अत्युत्कृष्ट', फोटो झकास. वर्षभराने मी स्वतः मुलांना फोन लावत बसले. कुणीच त्या प्रशिक्षणाचं नाव काढलं नाही. मुद्दाम विचारलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मुलाखतीत कसं बसायचं ते शिकवलं, पण मुलाखतीला बोलावतंय कोण?" प्रशिक्षक वाईट नव्हते. बोलायला काही असेल तर कसं बोलायचं हे शिकवता येतं. आमच्या मुलांकडे अजून बोलायला काही नव्हतं, आणि ते आणून देणं आमचं काम होतं. म्हणून संभाषणाचे वर्ग अगदी टाकून देऊ नका, ते दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ठेवा.

दुसऱ्या प्रकल्पात आम्ही विभागातच एक भाषांतर कक्ष उघडला. नाव मोठं, प्रत्यक्षात एक खोली, चार जुने संगणक आणि एक वही. सोय अशी झाली की नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षी ओजेटीची (प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणाची) 4 क्रेडिट्स आलीच होती, म्हणजे सुमारे 120 तास. बहुतेक भाषा विभागांत हे तास कुठल्या तरी शाळेच्या किंवा ग्रंथालयाच्या सही-शिक्क्यावर उरकले जातात. ते आम्ही कक्षाकडे वळवले. वेगळा वेळ काढावा लागला नाही, गुणही मिळाले.

काम कुणाचं आणलं? पहिल्या सहामाहीत जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाची पत्रकं, कृषी विज्ञान केंद्राची माहितीपत्रकं, एका लहान संग्रहालयाच्या पाट्या, आणि एका फवारणी पंप बनवणाऱ्या कारखानदाराची पुस्तिका. पंपाची पुस्तिका विसरणं शक्य नाही. इंग्रजीत 'नोझल' होतं. आमच्या विद्यार्थ्याने शब्दकोश काढून 'तुंडिका' केलं. 'वॉशर'चं असंच काहीतरी संस्कृत. संपादनाला बसलेल्या बाईंनी काही न बोलता त्याला बसस्थानकासमोरच्या कृषी सेवा केंद्रात पाठवलं, म्हणाल्या, हे भाग मागून आण. तो तासाभराने आला. दुकानदाराने त्याला 'नोझल' आणि 'वायसर' दिले होते. तुंडिका मागितल्यावर दुकानात काय झालं ते त्याने सांगितलं नाही. त्या दिवसापासून कक्षाच्या वहीत एक रकाना वाढला, 'हा शब्द कोण वापरतं?' पुढे त्याच मुलाने दीडशे शब्दांची कृषी अवजारांची यादी केली, प्रत्येक शब्दापुढे तो कुठे ऐकला याची नोंद. एका कंपनीच्या मुलाखतीत त्याने तीच यादी टेबलावर ठेवली.

कक्ष चालवताना काही गोष्टी पक्क्या धरा. प्रत्येक कामाला तीन हात लागले पाहिजेत: एक भाषांतर करणारा, दुसरा मूळाशी ताडून संपादन करणारा, तिसरा फक्त मराठी वाचणारा. भूमिका आलटून पालटून द्या. दुसऱ्याचं काम तपासल्याशिवाय स्वतःच्या चुका दिसत नाहीत. त्यावर बाहेरचा एक व्यावसायिक संपादक हवा, आठवड्यातून एक दुपार, ऑनलाइन चालेल. प्रकल्पाचे पैसे इथे घाला. आपण प्राध्यापक मंडळी समीक्षा उत्तम करतो, पण 'गुरुवारी पाचला फाइल द्यायची आहे, मग हे वाक्य असंच जाऊ दे की बदलू?' हा निर्णय आपल्याला सवयीचा नसतो. मलाही नव्हता.

सरकारी आणि सामाजिक संस्थांचं काम सुरुवातीला फुकट करा, हरकत नाही. खासगी कंपनीचं मात्र करू नका. "मुलांना अनुभव मिळतोय ना" म्हणत फुकट मजूर शोधणारे लोक पहिल्या महिन्यातच दारात येतील. थोडे का होईना पैसे लावा, ते मुलांना द्या, आणि बिल मुलांकडूनच करून घ्या. शब्दसंख्या मोजायची कशी, दर मूळ मजकुराच्या शब्दावर की भाषांतराच्या, काम वाढलं तर कुणाला विचारायचं, हे बिल लिहितानाच समजतं. अनुभवी माणूस दिवसाला दोन-अडीच हजार शब्द नीट करतो. आपला विद्यार्थी सुरुवातीला पाचशे करेल, आणि ते त्याला घड्याळ लावून कळलं पाहिजे, नाहीतर पुढे कुणाला तरी हजार शब्द एका रात्रीत द्यायचं वचन देऊन बसेल. काम घेतानाच लेखी परवानगी घ्या की छापून आल्यावर मुलाला ते नमुना म्हणून दाखवता येईल. आणि गिऱ्हाइकाची गोपनीय कागदपत्रं मोफत ऑनलाइन भाषांतरयंत्रात टाकायची नाहीत, हा नियम भिंतीवर लावा. आमच्याकडे हे एकदा घडलं, मी जाऊन माफी मागून आले.

साधनांवर फार खर्च नको. व्यावसायिक भाषांतर सॉफ्टवेअर महाग असतात, पण 'ओमेगा-टी' फुकट आहे, आणि भाषांतर स्मृती (आधी केलेली वाक्यं साठवून पुन्हा वापरणं), परिभाषा संग्रह, तुकड्यातुकड्यांनी काम ही पद्धत त्यात कळते. उपशीर्षकांसाठी 'सबटायटल एडिट'ही फुकट. ज्याला पद्धत कळली तो कंपनीचं सॉफ्टवेअर आठवड्यात उचलतो. त्याहून निकड टंकलेखनाची आहे. एमए मराठीची मुलं अजून हाताने लिहितात आणि टाइप करायला सायबर कॅफेत देतात, किंवा मोबाइलवर बोलून उतरवतात. युनिकोडमध्ये इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाण कळफलक रोज अर्धा तास धरला तर तीन-चार आठवड्यांत बसतो. मराठी 30 शब्द प्रतिमिनिटाची शासकीय परीक्षाही करून घ्या, लिपिक भरतीत ती बहुतेकदा लागते. जुन्या फॉन्टमधली फाइल युनिकोडमध्ये आणणं, बदलताना काय काय बिघडतं ते ओळखणं, हेही शिकवा. 'दुसऱ्या'मधला ऱ्या दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होतो, दिसायला सारखा, पण शोध घेतला की निम्मे शब्द सापडत नाहीत. असली गोष्ट माहीत असलेला उमेदवार आला की आमच्याकडे दोघंजण मान वर करून बघायचे. लेखनाचे 18 नियम तुम्ही शिकवताच. आता ते एखाद्या खऱ्या पत्रकावर, दुसऱ्याच्या मजकुरावर लावून घ्या.

एआयचं बोलते, कारण तो प्रश्न तुम्ही शेवटी टाकला असला तरी मुलांचे आईवडील पहिला तोच विचारतात. गोड बोलण्यात अर्थ नाही. साध्या मजकुराचा पहिला खर्डा आता यंत्र करतं आणि माणसाला दुरुस्तीचं काम मिळतं. दुरुस्तीचा दर भाषांतरापेक्षा कमी असतो. फक्त शब्दाला शब्द ठेवणाऱ्याचं पोट यापुढे त्यावर भरणं कठीण आहे. पण चूक पकडणाऱ्याची गरज संपलेली नाही. मलमाच्या पत्रकात इंग्रजी 'अप्लाय'चं 'लावा'च्या जागी 'अर्ज करा' झालेलं मी स्वतः पाहिलंय. हल्लीची यंत्रं असली ढोबळ चूक कमी करतात. त्यांची चूक आता गुळगुळीत वाक्यात लपलेली असते, नकार गळालेला असतो, औषध 'जेवणाआधी'चं 'जेवणानंतर' झालेलं असतं, आणि वाचताना कुठेच खटकत नाही. ती पकडायला मूळ भाषा पक्की लागते आणि संशयी स्वभाव लागतो. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल यंत्राच्या मदतीने प्रादेशिक भाषांत, मराठीतही, आणले जातायत, आणि तिथेही तपासायला माणसं बसवलेली आहेत. 2022 मध्ये केंद्राने 'भाषिणी' हा भारतीय भाषांतल्या यंत्रभाषांतराचा प्रकल्प सुरू केल्यापासून भारतीय भाषांतल्या मजकुराची, आवाजाच्या नमुन्यांची मागणी वाढली आहे. खासगी कंपन्याही एआयने दिलेली मराठी उत्तरं तपासून घेतात, ध्वनिमुद्रणं उतरवून घेतात. ही कामं बहुतेक कंत्राटी, कधी आहेत, कधी नाहीत. मुलांना हे लपवून सांगू नका.

म्हणून कक्षात एक सराव दर पंधरवड्याला ठेवा. यंत्राचं भाषांतर द्या, चुका शोधायला लावा, आणि प्रत्येक चुकीपुढे लिहायला लावा की ही अर्थाची चूक, परिभाषेची, व्याकरणाची की नुसती शैलीची. गंभीर की किरकोळ. 'हे बरं वाटत नाही' एवढ्यावर सोडू नका. आपल्या मुलांना कवितेतली एक ओळ का भावते हे पानभर लिहिता येतं. तीच सवय इथे लावली की ती इंजिनिअरिंगच्या मुलांपेक्षा हे काम चांगलं करतात, असा माझा अनुभव आहे. (संगणक विभागातल्या मित्रांना हे वाक्य दाखवू नका.)

कंपन्यांना कसं आणायचं? व्याख्यानाला बोलावू नका. ते येतात, 'स्वप्नं मोठी बघा' म्हणतात, शाल घेऊन जातात. सामंजस्य करारांच्या मागेही लागू नका. एका ठिकाणी 14 करार चौकटीत लावलेले पाहिले, त्यातल्या एकाही कंपनीच्या माणसाचा फोन नंबर विभागात कुणाकडे नव्हता. त्याऐवजी त्यांच्याकडे एकच मागा, नवख्यांना देता ती जुनी चाचणी. बहुतेक चाचण्या 250-300 शब्दांच्या असतात. त्या वर्गात सोडवून घ्या, आणि त्यांच्या संपादकाला विनंती करा की यातल्या पाच तपासून द्या. अर्ध्या तासाचं काम असतं, लोक नाही म्हणत नाहीत. आमच्या प्रकल्पात पहिल्या दोन नोकऱ्या अशाच लागल्या. तपासता तपासता त्यांना एक मुलगी आवडली, तिने मैत्रिणीचं नाव सांगितलं.

आता बायोडेटा. इथे मात्र शिकवावं लागतं, आपोआप येत नाही. प्रत्येक काम संपलं की मुलाने अर्धं पान लिहायचं: काय केलं, कुणासाठी, किती शब्द किंवा किती मिनिटं, कुणी तपासलं, काय बदलायला लागलं आणि का. वऱ्हाडीवाल्या मुलीचा बायोडेटा आम्ही नंतर बसून बदलला होता. 'लघुप्रबंध: वऱ्हाडी बोलीचा अभ्यास' या ओळीच्या जागी आलं, 'दोन तालुक्यांत प्रत्यक्ष मुलाखती, त्यांचं ध्वनिमुद्रण व शब्दशः लेखन, शेती परिभाषेची पडताळलेली सूची.' एक शब्दही खोटा नाही. ती स्वतःच तो कागद बराच वेळ बघत बसली होती.

पैशांचा क्रम थोडक्यात लिहिते, तुम्हाला अंदाजपत्रक करायचं आहे म्हणून: आधी बाहेरच्या संपादकाचं मानधन, मग परीक्षांचं शुल्क, मग मुलांना कामाचे पैसे, मग टंकलेखन, आणि उरले तर एजन्सी. संगणक नवे घेऊ नका. मागणीपत्रावर सगळे आधी संगणकच लिहितात, आणि प्रकल्प संपतो तेव्हा तेवढेच उरलेले असतात.

यश कसं मोजायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, पण अहवाल लिहायला बसाल तेव्हा विचाराल. नॅकच्या, म्हणजे विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या फाइलला नेमणूकपत्रांच्या प्रती लागतात, त्या गोळा कराच. पण त्यावरून प्रकल्पाचं काही कळत नाही, कारण पहिली नोकरी अनेकदा तीन महिन्यांत सुटते. ब्रिटनमध्ये पदवीधरांची देशव्यापी पाहणी शिक्षण संपल्यावर सुमारे 15 महिन्यांनी करतात. तेवढी मुदत मला शहाणपणाची वाटते, त्याआधी चित्र स्थिर होत नाही. तुम्ही सहा महिन्यांनी एकदा आणि पंधरा महिन्यांनी एकदा फोन करा. तीन प्रश्न पुरेत. सध्या काय करतेस? त्यात भाषेचं काही लागतं का? हे काम मिळालं कसं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शब्दशः उतरवून ठेवा. आणि घरी बसलेल्यांनाही फोन करा. 'लग्न झालं, आता काही नाही' असं म्हणणाऱ्या एका मुलीला आम्ही त्या फोनमुळेच घरून करता येणारं प्रूफं वाचायचं काम देऊ शकलो.

हे फोन प्रकल्प सुरू होण्याआधी मागच्या तीन तुकड्यांनाही करा. आधी काय होतं तेच माहीत नसेल तर नंतर काय बदललं हे कशावरून सांगणार? शिवाय त्या फोनमधून तुम्हाला चार-पाच माजी विद्यार्थी सापडतील ज्यांची कामं विभागाला कल्पनाही नव्हती. माझ्या यादीत एक जण उपशीर्षकं करत होता, एक पतसंस्थेत वसुलीची पत्रं लिहायची (आणि तिची पत्रं इतकी नीट असायची म्हणे की लोक पैसे भरायला यायचे), एक जण पाठ्यपुस्तकाच्या प्रकाशकाकडे होता. पहिलं काम यांच्याकडूनच येतं.

शेवटची अडचण शिक्षकांची. हा कक्ष कोण चालवणार? पूर्णवेळ माणूस तुम्ही एकटे असाल, बाकी तासिकेवरचे. त्यांच्याकडून फुकट राबवून घेतलं तर पहिली सहामाही ते सौजन्याने करतील, दुसरीत येणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर असेल. कक्षाचे तास कार्यभारात बसवा, नाहीतर मानधन धरा. आणि पहिल्या वर्षीच अभ्यास मंडळासमोर ठराव न्या की ओजेटीची क्रेडिट्स कक्षाच्या कामाला मिळतील आणि मूल्यमापन झालेल्या कामांच्या संचावर होईल. आमचा दुसरा प्रकल्प छान चालला होता, पण ठराव करायचा राहिला. निधी संपल्यावर 1 एप्रिलला त्या खोलीत परीक्षा विभागाचे गठ्ठे येऊन पडले.

पुढचं सांगायला मला तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. जर्मन शिकवणारी व्यक्ती पूर्णवेळ आहे की तासिकेवर, आणि तिची स्वतःची पातळी कोणती? दुसरं, तुमच्या जिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्र, नर्सिंग महाविद्यालय, सहकारी बँक, औद्योगिक वसाहत यांपैकी काय काय आहे? तेवढं कळवलंत तर पहिल्या सहामाहीत कोणती तीन कामं घ्यावीत ते नेमकं सांगता येईल. तोवर मागच्या तीन तुकड्यांचे फोन नंबर काढायला घ्या. निम्मे बंद लागतील, तेव्हा वर्गप्रतिनिधी कोण होते ते आधी शोधा.